शिवेवरचं ताट

शीवला तुर्की जेवणाचं हॉटेल निघालं आहे. (मुंबईत खायच्या जागेला हॉटेलच म्हणायचं, तिथे राहायची सोय नसली तरी.) दर्शनी भागात काच, आत निळ्या डोळ्यासारखे दिसणारे मणी टांगलेले आणि दाराशी उभ्या सळईवर गोल गोल फिरणारी कोंबडी. बातमी घरच्या ग्रुपवर आली आणि अर्ध्या तासात दोन पक्ष पडले. आत्याचं म्हणणं, ज्या देशाने २०२५च्या मे महिन्यात पाकिस्तानची उघड बाजू घेतली त्याच्या नावाच्या पाटीखाली एक घासही घ्यायचा नाही. भाचेमंडळींचं म्हणणं, बकलावा हा बकलावा असतो, त्याला परराष्ट्र धोरण नसतं. मी मात्र तिसऱ्याच प्रश्नात अडकलो. आपल्या भागात परक्या माणसाने हॉटेल काढायची ही काही पहिली वेळ नाही. मग आधीच्या वेळी काय काय झालं होतं?

जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. जरा लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

सुरुवात नावापासूनच. शीव म्हणजे वेस, हद्द. शेताची शीव, गावाची शीव, तीच ही. मुंबईचं बेट इथे संपायचं. पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात बांधला, तो पलीकडच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला. पुढे १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी मराठ्यांनी घेतली आणि ती १७७४च्या अखेरीपर्यंत मराठ्यांकडे होती. आता गंमत बघा. ही सदतीस वर्षं शीवच्या किल्ल्यावरचा पहारेकरी ज्या परक्यावर डोळे लावून बसायचा, तो परका म्हणजे आपण! शिवेची हीच तर खोड असते. कोण अलीकडचा आणि कोण पलीकडचा, हे पहारेकरी कोणाचा आहे त्यावर ठरतं.

मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडीवर बांध घालून रस्ता झाला, १८५३ मध्ये रेल्वे आली आणि शीव नावापुरती उरली. तरी इथे दाट वस्ती व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १८९६च्या प्लेगने जुन्या मुंबईची दैना केल्यावर सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि या ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले. म्हणजे इथला जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला. (मूळचे कोळी सोडून. त्यांच्याकडे येतोच.)

नवीन शहरात एकट्या पुरुषाचा पहिला प्रश्न काय असतो? खोली नव्हे, जेवण. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायांनी पोसलं. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तेव्हा खाणावळ हे परगावच्या माणसाचं मुंबईतलं पहिलं घर, ही गोष्ट मराठी माणसाला कोणी नव्याने सांगायला नको.

पण परक्याच्या हातचं खाणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि नंतर चहा-बिस्किटं समोर आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी तिथे कोण कोण होतं त्याची यादी छापून आणली आणि पुण्यात गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि शेवटी १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतलं. एका कपापायी! आज हसू येतं, पण त्या काळी त्या कपात अख्खी जात बुडत होती. घरी मुलीचं लग्न ठरायचं असेल तर हसू आणखी कमी यायचं.

यानंतर चाळीस वर्षांनी, १९३२ मध्ये, किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावर कुलार अँड कंपनी हे इराणी हॉटेल सुरू झालं. अजून आहे. इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून यज्द आणि केरमानच्या बाजूने आलेली माणसं. बहुतेक झरथुष्ट्री, काही शिया मुसलमान. असं म्हणतात की कोपऱ्याची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची, म्हणून ती इराण्याला मिळायची. खरं असो नसो, त्या कोपऱ्याला दोन बाजूंनी दारं असायची आणि कोणी कुठल्याही दाराने आत यावं. संगमरवरी टेबल, ब्रून, मस्का, पानी कम चाय. टेबलावर शेजारी कोण बसलंय याची चौकशी इराण्याने करायची नसते आणि गिऱ्हाइकाने तर नाहीच नाही. पंचहौदच्या कपाने जे बुडवलं ते इराण्याच्या कपाने कोणालाही न विचारता, कुठलंही भाषण न करता, दोन पैशांत करून टाकलं. माझ्या मते मुंबईतल्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात इराण्याला एक प्रकरण द्यायला हवं. निदान एक तळटीप तरी.

पुढचं दशक उडप्यांचं. रेल्वेत, बँकांत, गोऱ्या कंपन्यांत टायपिंग आणि हिशेब करणारे दक्षिणी कारकून माटुंगा-शीवला राहायला आले होते. त्यांची साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ची. त्यांच्या मागोमाग त्यांचा तवा आला. १९३६ मध्ये म्हैसूर कॅफे, १९४० मध्ये कॅफे मद्रास आणि १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, जिथे अजूनही केळीच्या पानावर जेवता येतं. एका दशकात इडली, मेदूवडा आणि फिल्टर कॉफी या गोष्टी मराठी घरात रविवारच्या झाल्या. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीमुळे पंचहौदचा प्रश्नही आला नाही. सोवळ्यातली आजीसुद्धा इथे बसून खाऊ शकत होती.

आता यापुढचं जे आहे ते आपण सहसा सांगत नाही. १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. त्याच्याही आधीपासून ‘मार्मिक’मध्ये कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा त्याच दिवसांतली. नोकऱ्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मराठी पोरांना मुंबईत डावललं जातं ही भावनाही हवेतून आलेली नव्हती. पण राग अधिकाऱ्यावर आणि दगड कोणाच्या काचेवर? उडप्याच्या. कारण अधिकारी तिसऱ्या मजल्यावर असतो आणि उडपी रस्त्यावर, हाताला लागेल असा. ज्या वर्षांत मराठी माणसाला मसाला डोशाची चटक लागली, नेमक्या त्याच वर्षांत मसाला डोसा करणाऱ्याच्या दुकानावर दगड पडत होते. दोन्ही करणारी माणसं एकच होती असं मी म्हणत नाही. पण गावं वेगळी नव्हती, गल्ल्याही फारशा वेगळ्या नव्हत्या.

म्हणजे डोसा शिवेच्या आत आला होता, डोसेवाला अजून शिवेवरच उभा होता.

आता थेट शीवमधल्या गोष्टीकडे. फाळणीनंतर पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कोळीवाड्याजवळच्या लष्करी बराकींमध्ये ठेवलं. मागून, १९५८च्या सुमारास, त्यांच्यासाठी पंचवीस इमारती उभ्या राहिल्या. सुमारे बाराशे कुटुंबं. यातल्या काहींनी पोटासाठी जे येत होतं ते सुरू केलं, म्हणजे तळणं. अमृतसरकडे नदीचा मासा बेसन, ओवा, आलं-लसूण, लाल तिखट यात घोळवून कढईत सोडतात. इथे नदी नव्हती, पण शेजारी कोळीण होती आणि तिच्या पाटीत कोळंबी होती. पंजाबी बेसन आणि कोळणीची कोळंबी यांची गाठ शीवच्या कोळीवाड्यात पडली आणि ‘प्रॉन्स कोळीवाडा’ जन्माला आलं.

आज हा पदार्थ पंचतारांकित हॉटेलांच्या मेनूत असतो. मासळी खाणाऱ्या बहुतेकांना तो कोळ्यांचा पारंपरिक पदार्थ वाटतो. एखाद्या कोळणीला विचारून बघा. ती घरी कोळंबीला मसाला चोळते आणि थोड्या तेलावर तव्यात परतते. बेसनाचा घोळ आणि कढईभर तेल हे तिचं काम नव्हे. पदार्थ पंजाब्याचा, नाव कोळ्याचं, जन्मगाव शीव. यापेक्षा अस्सल मुंबईकर कोण असणार?

आणि आता त्या माणसांचं काय झालं ते पाहा. हार्बर लाइनवरच्या स्टेशनचं नाव पूर्वी कोळीवाडा होतं. ते बदलून गुरू तेग बहादूर नगर झालं, म्हणजे आपण सगळे म्हणतो ते जीटीबी. निर्वासितांची आठवण पाटीवर आली हे चांगलंच झालं, पण कोळीवाडा स्टेशनच्या पाटीवरून उतरला आणि फक्त मेनूकार्डावर राहिला. २०१२ मध्ये खुद्द कोळीवाड्यात घरं पाडण्यावरून मोठा संघर्ष झाला. आणि निर्वासितांच्या त्या पंचवीस इमारती? महापालिकेने धोकादायक ठरवल्या, रिकाम्या केल्या, पाडल्या. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने म्हाडामार्फत पुनर्विकास करायला मंजुरी दिली. तोवर लोक भाड्याच्या घरांत पांगले होते. ज्यांच्या आजोबांनी एकदा घर सोडलं होतं त्यांच्या नातवंडांनी पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवलं. नव्या इमारती होतील तेव्हा होतील. कोळंबी मात्र कुठेच गेली नाही, तिला रोज संध्याकाळी गर्दी असते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. आणि इथे तुर्कांची गोष्ट सुरू होते.

दारातली ती फिरणारी सळई आहे ना, तिच्यावरच्या मांसाला तुर्कीत ‘दोनर’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, फिरणारं. आपण ज्याला शोरमा म्हणतो तो शब्दही तुर्कीतल्या ‘फिरवणं’ या अर्थाच्या शब्दावरूनच अरबीत गेला. तुर्कस्तानात हे मांस ताटात वाढून खायची रीत होती. पावात भरून, सॅलड घालून, उभ्या उभ्या खायचा दोनर प्रसिद्ध झाला तो इस्तंबूलला नव्हे, तर पश्चिम बर्लिनमध्ये, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला होता. हे आलेले लोक म्हणजे ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हटलं की तो परत जातो असा जर्मनांचा हिशेब. कारखान्यातल्या घाईच्या जेवणाच्या सुट्टीसाठी या पाहुण्यांनी आपलं मांस त्यांच्या पावात भरलं. थोडक्यात, दोनर हा बर्लिनचा प्रॉन्स कोळीवाडा.

जर्मनांनी तो इतका आपला केला की गल्लोगल्ली दुकानं झाली. आणि २९ मे १९९३ला झोलिंगन गावात तुर्की कुटुंबाचं घर पेटवून दिलं गेलं. त्यात पाच मुली-बायका गेल्या. पुढे २००० ते २००७ या काळात नवनाझींच्या एका टोळीने दहा खून केले. त्यातले आठ जण तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि एक पोलीस अधिकारी. टोळी उघडकीला आली २०११ मध्ये. तोवर पोलीस मेलेल्यांच्या घरच्यांवरच संशय घेत होते आणि वर्तमानपत्रं या खुनांना काय म्हणत होती? ‘दोनर-खून’. मेलेल्यांतले दोघेच दोनरच्या टपरीवर काम करत होते. बाकीच्यांत फुलवाला होता, शिंपी होता, किराणावाला होता. पण सगळ्यांची ओळख एकच, आपण खातो तो पदार्थ. नंतर जर्मनीतल्या भाषातज्ज्ञांनी याच शब्दाला २०११चा सर्वांत वाईट शब्द ठरवलं.

मला हे वाचून आपले शब्द आठवले. ‘उडप्याकडे जाऊ’, ‘इराण्याकडे बसू’, ‘चायनीजवाला’, ‘भय्याची पाणीपुरी’. माणसाला पदार्थाचं किंवा मुलखाचं नाव देऊन टाकलं की त्याचं नाव विचारायची गरज उरत नाही. माणूस रोज समोर असतो आणि तरी अनोळखी राहतो. याला आपण प्रेमाचे शब्द समजतो, आणि ते असतातही, निदान दगड हातात येईपर्यंत.

आता आत्याचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानला पाठिंबा दिला, हे खरं. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं, हेही खरं. १५ मेला केंद्राने चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली, ती मुंबई विमानतळावरही काम करत होती. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात, आपली एनडीआरएफची पथकं तिथल्या ढिगाऱ्यातून माणसं काढत होती. राग यावा असंच आहे. सफरचंदाचा पैसा तिकडच्या बागायतदाराला जातो, तेव्हा ते न घेणं हा समजण्यासारखा निषेध आहे.

पण हॉटेलचं काय? मुंबईत तुर्की पाटीखाली जे शिजतं ते बहुतेक इथल्याच हातांनी, इथल्याच बाजारातल्या कोंबडीचं आणि मैद्याचं. इराणी आला तेव्हा गल्ल्यावर इराणी बसला होता. उडप्याच्या मुदपाकखान्यात उडपी होता. पंजाब्याच्या कढईपाशी पंजाबी. आवडो न आवडो, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून पैसे द्यावे लागत. या वेळी पहिल्यांदाच परक्याचं ताट परक्याशिवाय आलं आहे, मोबाईलच्या पडद्यावरून. तुर्कस्तानातल्या कोणाचंही आपल्या बहिष्काराने काही बिघडणार नाही. बिघडलंच तर टेबल पुसणाऱ्या मुलाचं बिघडेल, आणि तो कुठला हे विचारायचं कोणाला सुचणारही नाही. १९६६-६७ सारखंच, राग तिसऱ्या मजल्यावर आणि काच तळमजल्याची.

भाचेमंडळींनीही फार खूश होऊ नये. बकलावा खाल्ला म्हणजे आपण मोठे उदार झालो असं काही नसतं. शोरमा खाणाऱ्या आपल्याच सोसायट्यांत भाडेकरूचं आडनाव ऐकून जागा ‘आत्ताच गेली’ असते, हे आपल्याला माहीत आहे. जिभेचं मन मोठं असतं, त्यात तिचं कौतुक नाही, ती चवीला विकली जाते. शीवच्या शंभर वर्षांनी मला एवढंच शिकवलं: पदार्थाला शीव ओलांडायला एक दशक पुरतं, माणसाला तीन पिढ्याही कमी पडतात.

आणि ‘तुर्क’ काही आपल्याला आज भेटत नाहीत. तोफ हा शब्द तुर्की. कैची तुर्की. खिमा आणि कोर्मा हेही तुर्की मुळाचे शब्द. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली, ती ओतणारा महंमद बिन हसन रूमी, म्हणजे रूमचा, तुर्की मुलखातला. पुढे नगरची माणसं त्या तोफेला आपली म्हणू लागली, विजापूरची माणसंही. रूमीचं नाव मात्र तोफेवरच्या लेखात राहिलं आहे. बाकीच्या कारागिरांच्या नशिबी तेवढंही नसतं.

मी जाणार आहे त्या हॉटेलात. आत्यालाही सांगितलंय, ती येणार नाही आणि त्यावरून आमचं काही बिनसणार नाही. मला कोंबडी कशी आहे यापेक्षा सळईपाशी उभा राहून ती कापणारा माणूस कुठला आहे, कधी आला, राहतो कुठे, हे विचारायचं आहे. आणि त्याचं नाव.

तुमच्या गल्लीत बाहेरच्या माणसाचं पहिलं हॉटेल कोणाचं होतं? त्या माणसाचं नाव आठवतंय का? पदार्थाचं नव्हे हं, माणसाचं. मोठ्यांना विचारा आणि मला कळवा.

असो. चहा थंड झाला असेल.